काचेतली सही

युसुफभाई,

आपण जिंकलो.

अर्जात मागणी शेवटी येते आणि मृत्युलेखात दुःख आधी येते. हे दोन्ही नियम मला ठाऊक आहेत आणि आज ते दोन्ही मी बाजूला ठेवत आहे. वैशालीच्या गाडीला परवानगी मिळाली. कागद झाला, त्यावर सही झाली, सहीखाली गोल शिक्का बसला आणि शिक्क्याची शाई वाळेपर्यंत मी तो कागद दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. ही वार्ता सर्वप्रथम तुम्हाला कळावी, असा माझा आग्रह होता. तुम्ही आत आहात आणि मी बाहेर आहे, एवढीच अडचण आहे. पण ती काही नवी नाही. तुमच्याशी बाहेरूनच बोलण्याची सवय मला फार वर्षांची आहे.

नशिराबादकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, गाड्यांच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म बसवण्याच्या तुमच्या शेडला दार नव्हते. शेतकरी रोपांवर घालतात त्या हिरव्या जाळीचा दुहेरी पडदा होता आणि तो सदैव ओला असे. रस्त्यावरची धूळ त्या ओल्या जाळीला चिकटून बाहेरच राही. काम सुरू करण्यापूर्वी तुम्ही जमिनीवर पाणी मारत असा, गाडीच्या छतावर पाणी मारत असा, आणि वैशाखात, जेव्हा जळगावातली माणसे सुती बनियनवर बसतात, तेव्हा तुम्ही अंगात टेरिलिनचा बंद गळ्याचा शर्ट घालून घामाने निथळत उभे असा. पाहणाऱ्यास वाटे, या माणसाला उन्हाळा कळत नाही. वस्तुतः तुम्हाला कापूस नको होता. सुती कापडाचा एक तंतू काच आणि फिल्म यांच्यामध्ये सापडला की गाडी भंगारात जाईपर्यंत तो तिथेच राहतो, हा तुमचा सिद्धान्त होता.

"पाणी माफ करतं, अर्जसाहेब," तुम्ही म्हणत असा. "थोडं आत राहिलं तर उन्हानं आपोआप उडून जातं. कचरा माफ करत नाही."

आणि मी आयुष्यभर पांढरी खादी वापरत आलो. माझे शालेय शिक्षण नववीशी थांबले, परंतु मराठी भाषेचे शिक्षण मी थांबू दिले नाही. कचेरीच्या आवारात निंबाखाली लोकांचे अर्ज लिहून देण्याचे माझे टेबल आहे. कलेक्टरांपासून मंत्र्यांपर्यंत माझ्या अर्जांना उत्तरे आली आहेत, आणि अशा माणसाने कडक इस्त्रीच्या खादीतच वावरले पाहिजे, असे माझे मत होते व आहे. त्यामुळे काम चालू असताना मला आत प्रवेश नव्हता. तुमचा चहा जाळीच्या खालून सरकत बाहेर येई आणि माझी मते जाळीतून आत जात. गावात आपल्या मैत्रीची थट्टा होत असे. एक जण म्हणाला होता, या दोघांची भेट तुरुंगातल्या भेटीसारखी असते, फक्त कैदी कोण ते कळत नाही.

तुम्ही नम्र नव्हता, हे मी येथे स्पष्ट नमूद करतो. माणूस गेला की त्यास लोक साधा, निगर्वी वगैरे करून टाकतात. तुमच्या बाबतीत असे कोणी लिहिल्यास मी हरकत घेईन. मागची काच जोड न देता एकाच अखंड तुकड्याने झाकणारा माणूस जळगाव ते धुळे या रस्त्यावर एकच आहे, हे तुम्ही स्वतः सांगत होतात, आणि गिऱ्हाइकाने मान हलवली नाही तर पुन्हा सांगत होतात. मागची काच दोन्ही दिशांनी वाकलेली असते, फिल्म मात्र सपाट असते. सपाट वस्तू घुमटावर बसवायची म्हणजे कडेला चुण्या उभ्या राहणारच. तुम्ही त्यांना बोटे म्हणत असा. आधी काचेच्या बाहेरच्या अंगावर फिल्म पसरायची, ती सगळी बोटे वर-खाली वळवून घ्यायची, मग हीट गनच्या झोताने एकेक बोट आकसवून जिरवायचे. झोत जवळ गेला तर फिल्म करपते, लांब राहिला तर बोट मरत नाही. आकार बरोबर आला की मागचा कागद सोलायचा, साबणाचे पाणी फवारायचे आणि तीच फिल्म उलटून आतल्या अंगावर न्यायची. मग रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी लोटायचे. हे सारे मी कधी आत राहून पाहिले नाही. मी ते जाळीतून, हिरवे हिरवे, पाहिले आहे.

आता वैशालीविषयी, कारण हा लेख वाचणाऱ्या इतर लोकांना ती माहीत नाही. धुळ्याकडच्या एका खेड्यातले आबा आणि अक्का हे शेतकरी जोडपे, त्यांची ही एकुलती मुलगी. जळगावला औषधशास्त्र शिकते. तिच्या त्वचेला ऊन सोसत नाही. आपल्याला ऊन लागते तसे नव्हे. ऊन अंगावर पडले की भाजल्यासारखे फोड येतात, हा डॉक्टरांनी लिहून दिलेला आजार आहे. आबांनी गाडीला कुठूनतरी कुळकुळीत काळी फिल्म लावून आणली होती. ती नियमात बसणारी नव्हती. रस्त्यात गाडी अडवली गेली आणि फिल्म तिथेच ओरबाडून काढण्यात आली. वर उघडे ऊन होते आणि परीक्षेला निघालेली मुलगी ओढणी डोक्यावरून ओढून मागच्या सीटखाली बसून राहिली. परीक्षा हुकली. हातांवर फोड आले. त्यानंतर आबांनी तिला घरी ठेवले, खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि कॉलेजचा विषय बंद केला.

अक्का ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या स्वतःच आबांना घेऊन तुमच्याकडे आल्या. तुम्ही त्यांना सांगितले की ऊन अडवायला काळा रंग लागत नाही. भाजणारा भाग अडवणारी आणि उजेड सोडणारी पारदर्शक फिल्म असते आणि ती कायद्यात बसते. आबांचा विश्वास बसेना. त्यांनी नमुन्याचा तुकडा डोळ्यांसमोर धरला, त्यातून तुमच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"यामा ते बठ्ठं दिखस," ते म्हणाले. सगळेच दिसते तर ऊन कसे अडणार, हा त्यांचा सवाल होता. मग माझ्याकडे वळून त्यांनी अट घातली. "कागद हातमा येऊ द्या, मंग पोर धाडसू."

अट योग्य होती. फिल्म कितीही कायदेशीर असली तरी रस्त्यावरच्या माणसाला ते कसे कळणार? काठाला नख लावून पाहील, सोलून टाकील, आणि मुलगी पुन्हा सीटखाली. तेव्हा फिल्म तुमची आणि कागद माझा, असे ठरले. दोघांनीही आपापला भाग अधिक महत्त्वाचा आहे असे आबांना बाजूला घेऊन सांगितले, हे मला अक्कांकडून नंतर कळले.

आणि येथूनच आपला वाद सुरू झाला, जो अपुरा राहिला. अर्जात काय लिहावे? तुम्ही म्हणालात, "फिल्म लिहा. सगळी दुनिया फिल्म म्हणते." मी म्हणालो, शासकीय अर्जात बाजारी शब्द शोभत नाही, मी "पारदर्शक उष्णतारोधक पटल" असे लिहीन. तुम्ही जाळीआडून इतके हसलात की आतली फवारणीची बाटली खाली पडल्याचा आवाज आला. शेवटी आबा तुमच्या बाजूने झाले, आणि मी माझ्या इच्छेविरुद्ध विषय लिहिला: "वाहनास फिल्म बसविण्याची परवानगी मिळणेबाबत."

तो अर्ज कुठे पोहोचला, हे सांगायला मी ज्या दिवशी धावत आलो, तो दिवस तुम्हाला विसरता येणार नाही. एका कार्यालयाने, ज्याचे नाव मी घेत नाही, तो अर्ज करमणूक शाखेकडे पाठवला होता. चित्रीकरण कोठे आहे आणि कलावंत किती, अशी विचारणा करणारे पत्र माझ्या हातात होते. युसुफभाई, शब्दाच्या बाबतीत माझा इतका निर्विवाद विजय त्यापूर्वी कधी झाला नव्हता. मला भान राहिले नाही. आत वैशालीच्या गाडीच्या मागच्या काचेचे काम चालू होते, कागद सोललेला होता, गोंदाची बाजू उघडी होती, आणि मी ते पत्र फडकावत जाळी वर करून आत पाऊल टाकले. मागोमाग गरम वाऱ्याची झळ आली.

तुम्ही हात थांबवला नाही. काम पुरे केलेत. पट्टी मधून कडेकडे फिरत राहिली. मग काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्याशी थांबली.

"अर्जसाहेब, इकडे या. नको, तिथंच थांबा. तिथूनच बघा."

"काय झाले?"

"तुमची सही झाली काचेवर."

कोपऱ्यात एक पांढरा धागा होता. इंग्रजी एस अक्षरासारखा, पापणीच्या केसाहून बारीक. मी ताबडतोब नाकारले. जळगावच्या हवेत कापूस उडतो, जिनिंगच्या गिरण्यांचा तो दोष आहे, त्यासाठी माझ्या सदऱ्यास जबाबदार धरता येणार नाही, असे मी मुद्देसूद मांडले. तुम्ही म्हणालात, "जिनिंग दिवाळीनंतर सुरू होतं. आता वैशाख आहे. या घडीला गावातला कापूस हवेत नाही, तुमच्या अंगावर आहे." हा युक्तिवाद बिनतोड होता, म्हणून मी विषय बदलला.

तुम्ही ती काच सोलून नव्याने करणार होता. आबा म्हणाले, राहू द्या, दिसतही नाही. तुम्ही म्हणालात, मला दिसतं. पण त्या मापाची फिल्म यायला थोडा अवधी होता, तेव्हा गाडी तशीच अंगणात काढली आणि प्रत्यक्ष कसोटी घ्यायचे ठरले.

भर दुपारची वेळ होती. वैशाली काचा बंद करून आत बसली. तिने बाही वर केली आणि आपला हात काचेतून येणाऱ्या उन्हात धरला. आबा पाठ फिरवून उभे राहिले. तुम्ही, ज्यांना गप्प बसणे म्हणजे शिक्षा, ते हातातली रबरी पट्टी उगाच पुसत होता. बराच वेळ गेला. मग मुलीने हात उलटा केला, सुलटा केला, आणि काचेआडून हसली. हात जसाच्या तसा होता.

अक्का काचेजवळ गेल्या. बाहेरून तळवा टेकवला.

"हाई ते उननी गायनी शे," त्या म्हणाल्या.

उन्हाची गाळणी. चहाचा चोथा वर राहतो आणि चहा खाली उतरतो, तसे. तुमच्या फिल्मला आणि माझ्या पटलाला जे जमले नाही, ते अक्कांनी दोन शब्दांत केले. दरम्यान माझा "पटल" घातलेला दुसरा अर्जही मी देऊन ठेवला होता, आणि खिडकीवरच्या कारकुनाने पटल म्हणजे टेबल का, गाडीत टेबल कशाला बसवता, असे विचारून तो परत केला होता. ही घटना मी तुम्हाला सांगितली नव्हती. तुम्हाला ती तुमच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या भाभींच्या भावाकडून समजली आणि त्या दिवशीचा चहा जाळीखालून नेहमीपेक्षा बराच जोरात सरकला. तिसऱ्या अर्जात मी लिहिले: "अर्जदाराच्या कन्येच्या आजारास्तव वाहनाच्या काचांना उन्हाची गाळणी (पारदर्शक फिल्म) बसविली असून ती नियमांत आहे, सबब तपासणी होऊन तसे पत्र मिळावे." तुमचा शब्द कंसात घेतला, माझा वगळला. हे औदार्य तुम्ही लक्षात घेतल्याचे मला कधी दिसले नाही.

तपासणीची तारीख लागली आणि त्याआधी तुम्ही गेलात. सकाळी जमिनीवर पाणी मारताना बसलात, ते उठला नाहीत. नवी फिल्म पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेली भिंतीशी उभी होती.

त्या दिवशी मी जे पाहिले, ते इथे लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. तुम्हाला पांढऱ्या सुती कापडात गुंडाळले होते. कापूस, युसुफभाई. कोरा, कडेचे धागे सुटलेला कापूस. ज्या माणसाने एक तंतू आत येऊ नये म्हणून आयुष्याचे सारे वैशाख टेरिलिनमध्ये काढले, तो शेवटी आपल्या कापसातच निघाला. आणि मी खादी घालून आलो होतो, माझ्याजवळ दुसरे काय आहे, तर मला कोणीही अडवले नाही. उलट तुमच्या थोरल्या भावाने हात धरून पुढे नेले, माती द्या म्हणाला. मी दिली. पडद्याशिवाय तुमच्या इतक्या जवळ मी त्याआधी कधी उभा राहिलो नव्हतो.

पण हा लेख मी रडण्यासाठी लिहिलेला नाही. तपासणीचे ऐका.

साहेब चांगले होते, घाईत होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी घातली, काचांवर टकटक केले, आरपार पाहिले आणि म्हणाले, "हिला काही लावलेलंच नाही. परवानगी कशाची मागता?"

आबांचा चेहरा उतरला. तुमचे काम इतके निर्दोष होते की ते अस्तित्वातच नव्हते. काठाला नख लागत नव्हते, काचेच्या कडेला छापलेल्या काळ्या ठिपक्यांच्या पट्टीशी फिल्म अशी मिळाली होती की रेषा सापडत नव्हती. साहेबांनी पेनाचे टोपण लावले आणि फाईल मिटली. बाजूला सावलीत, डोक्यावरून ओढणी घेऊन, वैशाली उभी होती, आणि तिला माझ्याहून आधी कळले होते की ही फाईल मिटली तर आपण पुन्हा गोधड्यांच्या खोलीत जाणार.

तेव्हा मला माझी सही आठवली.

"साहेब," मी म्हणालो, "मागच्या काचेचा खालचा डावा कोपरा पाहावा."

ते वाकले. चष्मा कपाळावर चढवला. बाहेरून नखाने खरवडले, धागा हलला नाही. आत बसून आतून खरवडले, तरीही हलला नाही. दोन्ही अंगांना काच गुळगुळीत आणि मध्ये कापसाचा एक धागा.

"हे आत कसं गेलं?"

"आत गेलेले नाही, साहेब. त्याच्यावर गाळणी बसली आहे."

ते बराच वेळ त्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. मग हसले, काचेतून उजेड किती येतो ते मोजण्याचे यंत्र मागवले, चारी बाजूंनी लावले, आणि प्रत्येक ठिकाणी आकडा नियमात आला. "कोणी बसवली?" त्यांनी विचारले. मी तुमचे नाव सांगितले, संपूर्ण, वडिलांच्या नावासह, आणि त्यापुढे म्हणालो की मागची काच अखंड तुकड्याने झाकणारा जळगाव ते धुळे या रस्त्यावर एकच माणूस होता. साहेबांनी मान हलवली नाही, म्हणून मी पुन्हा सांगितले. मग त्यांनी हलवली.

पत्रात कारकुनाने टंकले आहे: "सदर गाळणीस हरकत नाही." अक्कांना ते वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि आबांना म्हणाल्या, "दखा, मना शब्द सरकारनी लिखा." आबांनी वाद घातला नाही. दुसऱ्याच दिवशी पोर धाडली.

भाभींना सांगायला मी घरी गेलो. त्या पतीनिधनानंतरच्या इद्दतीच्या मुदतीत आहेत, बाहेर येत नाहीत. दाराला पडदा होता, मी ओट्यावर बसलो, आणि सारी हकिकत पडद्यातून आत सांगितली. मला ती बैठक अगदी ओळखीची वाटली. चहाही पडद्याखालूनच आला. भाभींनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "उस धागे के लिए आखिरी दिन तक गुस्सा थे. कहते थे, अर्जसाब मानते नहीं."

तर आता मानतो. मानतो म्हणजे काय, मी त्या धाग्यावर हक्क सांगतो. तो माझ्याच सदऱ्याचा आहे. जिनिंगचा, हवेचा वा अन्य कोणाचाही त्यावर अधिकार नाही. तुमचे सगळे कसब एका बाजूला आणि माझ्या खादीचा एक तंतू एका बाजूला, दोन्ही मिळून त्या मुलीचा रस्ता मोकळा झाला, हे मी कोणत्याही कचेरीत शपथेवर सांगेन. तुम्हाला हे आवडणार नाही. पण उत्तर द्यायला तुम्ही इथे नाही, आणि आपल्या वादात शेवटचा शब्द माझा राहण्याची ही पहिलीच वेळ आहे. ती मला नको होती.

काल दुपारी ऐन उन्हात मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. तुमची शेड बंद आहे, जाळी वाळून कडक झाली आहे. आबांची गाडी समोरून गेली. वैशाली खिडकीशी बसली होती, ओढणी खांद्यावर, उघड्या डोक्याने, तोंड उन्हाकडे करून. नाक्यावर गाडी थांबवली गेली, कागद दाखवला गेला, गाडी निघाली. गाडी पाठमोरी झाली तेव्हा मी डावा कोपरा शोधला. इतक्या लांबून तो दिसत नाही. तुम्हाला दिसला असता.

सबब, युसुफभाई, या अर्जाद्वारे एकच मागणी आहे. तुम्ही जिथे आहात तिथेही एखादा ओला पडदा तुम्ही आतापर्यंत लावला असणार. माझी वेळ येईल तेव्हा मीही पांढऱ्या कापसातच येईन, आमच्याकडेही तोच रिवाज आहे. त्या दिवशी मला बाहेर थांबवू नये. तुम्ही स्वतः कोणत्या कपड्यात आत गेलात, ते मी पाहिले आहे.